नाव, अंक आणि दंडरेषा : भिवंडीच्या टपाल-पत्त्याचा एक अभ्यास

१

टपालाच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः मार्ग, दर आणि तिकिटे ह्या तीन विषयांकडे जाते. पाकिटावर लिहिलेला पत्ता हा त्या मानाने किरकोळ विषय समजला जातो. परंतु पत्ता म्हणजे केवळ स्थळाचा निर्देश नव्हे. पत्र पाठविणारा आणि ते पोचविणारा ह्या दोघांपैकी कोणाला किती माहिती असली पाहिजे, ह्याची वाटणीही त्यात अभिप्रेत असते. केवळ गावाचे नाव लिहून पत्र पेटीत टाकणारा मनुष्य बाकीची सर्व माहिती पोचविणाऱ्याला असेल असे गृहीत धरतो. उलट सहा अंकी क्रमांक, इमारत, गाळा व दंडरेषांची पट्टी छापून पाकीट तयार करणारा व्यापारी पोचविणाऱ्याने काहीच जाणण्याची गरज उरू नये अशी व्यवस्था करीत असतो. ह्या दोन टोकांमधील प्रवास हा टपालखात्याच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या इतिहासातील एक महत्त्वाचा भाग आहे.

प्रस्तुत लेखात हा प्रवास भिवंडी ह्या एका गावाच्या आधारे तपासावयाचा आहे. भिवंडीची निवड दोन कारणांसाठी केली आहे. पहिले असे की, ह्या गावाच्या नावाशी साधर्म्य असणारी गावे उत्तर भारतात असल्यामुळे नावाच्या पत्त्यातील दोष येथे स्पष्ट दिसतात. दुसरे असे की, गेल्या काही दशकांत भिवंडीभोवती गोदामांचा फार मोठा पट्टा उभा राहिला असून दंडरेषांची, म्हणजे बारकोडची, पट्टी लावलेली पार्सले देशभर पाठविणाऱ्या प्रमुख ठिकाणांत तिची गणना होते. त्याच गावात यंत्रमाग-कामगारांच्या अशा वस्त्याही आहेत की, ज्यांचा पत्ता आजही मुख्यतः माणसाच्या ओळखीवर चालतो.

२

मराठेशाहीतील पत्रव्यवहारात मायन्याला जे महत्त्व होते ते स्थळनिर्देशाला नव्हते. पत्र कोणास लिहिले आहे, त्याचा मान कोणता, लिहिणाऱ्याशी त्याचे नाते काय, हे मायन्यावरून कळे. तो मनुष्य त्या दिवशी कोठे मुक्कामास आहे हे शोधणे जासुदाकडे असे. भिवंडीचे नाव ह्या काळात बहुधा कल्याणास जोडूनच येते. १६५७ साली शिवाजीमहाराजांनी कल्याण व भिवंडी ही दोन्ही ठाणी घेतली, तेव्हापासून ‘कल्याण-भिवंडी’ हा जोडशब्द मराठी इतिहासलेखनात रूढ आहे. ह्या जोडीचा परिणाम पुढे टपालाच्या अंकांतही कसा दिसतो, ते आपण पाहणार आहोत.

१८५४ साली टपालखात्याची नवी घडी बसली आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून अंतराचा विचार न करता केवळ वजनावर आकारणी सुरू झाली. ह्या सुधारणेचा एक परिणाम सहसा ध्यानात घेतला जात नाही. दर अंतरावर अवलंबून असताना टपालाचा कारकून पत्र घेतानाच ते कोठे जावयाचे आहे हे तपासून पाहत असे. समान दर आल्यावर तिकीट लावलेले पत्र कोणाशीही न बोलता पेटीत टाकता येऊ लागले. पाठविणारा आणि टपालखाते ह्यांच्यातील तोंडी संवाद संपला व पत्त्यावर पूर्ण भार आला.

हा भार प्रत्यक्षात उचलला तो छाननी करणाऱ्या कारकुनांनी. १८६३ साली अलाहाबाद व कानपूर ह्यांच्या दरम्यान धावत्या आगगाडीत टपालाची छाननी सुरू झाली आणि तीतूनच पुढे रेल्वे मेल सर्व्हिस उभी राहिली. गाडीतील कारकुनापुढे खणांची मांडणी असे; हाती आलेल्या पाकिटावरील गाव कोणत्या मार्गावर, कोणत्या जंक्शनाच्या पुढे, कोणत्या खणात टाकावयाचे, हे त्याला क्षणात ठरवावे लागे. हे ज्ञान पुस्तकात असले तरी कामाच्या वेळी पुस्तक उघडण्यास सवड नसे. म्हणून ते पाठ करावे लागे. देशाचा भूगोल अशा रीतीने काही हजार माणसांच्या स्मरणात साठविलेला होता.

भिवंडीच्या बाबतीत ह्या स्मरणाची कसोटी लागत असे. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि १८५४ साली मार्ग कल्याणपर्यंत गेला; भिवंडी मात्र त्या मार्गापासून बाजूस राहिली. साहजिकच भिवंडीचे पत्र आधी रेल्वेवरील गावी आणि तेथून सडकेने, असे दोन टप्प्यांत जाणार. गावाचे नाव रोमी लिपीत कसे लिहावे ह्याविषयीही एकवाक्यता नव्हती. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये ‘व’ व ‘न’ ह्यांमध्ये स्वर न घालताच हे नाव छापलेले आहे. पुढे स्थिर झालेले रोमी रूप घेतले तरी अडचण संपत नाही. त्यातील ‘एन’ गळला की राजस्थानातील भिवाडी उरते. ‘डी’ गळला की हरियाणातील भिवानी उरते. त्यातही भिवानी हे कापडगिरण्यांचे गाव आणि भिवाडी ही दिल्लीनजीकची औद्योगिक वसाहत. म्हणजे सुताचा नमुना किंवा यंत्राचा सुटा भाग असलेल्या पुडक्यावरून, आतील मालाच्या आधारे तर्क करावा, तर तोही मार्ग बंद. ह्या तीन नावांत घोटाळा होऊ न देणे हे केवळ वाचनाचे काम नव्हते. पाठविणाऱ्याचे गाव, भाषा, अक्षराचे वळण ह्या सर्वांवरून अनुमान करण्याचे ते काम होते.

भिवंडीत येणाऱ्या पत्रांच्या लिप्याही अनेक. एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमागाचा धंदा वाढविला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात यंत्रमाग आले. त्यांमागून उत्तर प्रदेश व बिहारमधील कामगार आणि तेलंगणातील पद्मशाली विणकर आले. परिणामी मराठी, उर्दू, हिंदी व तेलुगू अशा चार भाषांतील पत्ते एकाच गावी पोचावयाचे होते. ह्या गावात टपालवाटप करणाऱ्याला जे ज्ञान लागे ते कोणत्याही नियमपुस्तकात बसणारे नव्हते.

३

पत्त्यातील नावाऐवजी अंक योजण्याची कल्पना जगात प्रथम मोठ्या प्रमाणावर अमलात आली ती युद्धकाळात, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. जर्मनीने १९४१ साली टपालाचे विभाग-क्रमांक सुरू केले. अमेरिकेने १९४३ साली मोठ्या शहरांपुरते तसेच क्रमांक योजिले. दोन्हीकडे एक मुख्य कारण सारखे होते : अनुभवी कारकून सैन्यात गेले होते आणि त्यांच्या जागी आलेल्या नवख्या माणसांना भूगोल पाठ नव्हता. म्हणजे अंक आला तो यंत्रासाठी नव्हे, तर जाणत्या माणसाच्या अनुपस्थितीमुळे. यंत्राचा विचार नंतरचा. ब्रिटनमध्ये नॉर्विच येथे १९५९ साली संकेतांकाचा प्रयोग झाला तो मात्र यांत्रिक छाननीच्या हेतूने. अमेरिकेत १ जुलै १९६३ पासून पाच अंकी झिप क्रमांक सुरू झाला आणि १९६७ पासून नियतकालिके व जाहिरातीचे घाऊक टपाल पाठविणाऱ्यांवर ते क्रमांकवार लावूनच आणण्याची सक्ती झाली. छाननीचे काम टपालखान्याच्या खणांतून व्यापाऱ्याच्या टेबलावर गेले, ते ह्या तरतुदीने.

भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पोस्टल इंडेक्स नंबर, म्हणजे पिन कोड, अमलात आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे रत्नागिरी जिल्ह्यातील केळशीचे. दळणवळण मंत्रालयात ते अतिरिक्त सचिव होते आणि टपाल-तार मंडळाचे सदस्य होते. ते संस्कृत कवी व नाटककार म्हणूनही प्रसिद्ध होते. सरळ वाचता रामाची व उलट वाचता कृष्णाची स्तुती व्हावी असे ‘विलोमकाव्य’ त्यांनी रचले आहे. अक्षरांच्या क्रमावर अर्थ अवलंबून ठेवण्याची ही हातोटी आणि अंकांच्या स्थानावर देशाचा भूगोल बसविण्याची योजना ह्यांत कार्यकारणसंबंध जोडणे धाडसाचे होईल. परंतु दोन्हींमागील शिस्त एकाच बुद्धीची आहे एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

पिन कोडची रचना डावीकडून उजवीकडे आकुंचित होत जाते. पहिला अंक देशाचा विभाग दाखवितो. असे भौगोलिक विभाग आठ असून नववा सैनिकी टपालासाठी राखलेला आहे. दुसरा अंक उपविभाग, तिसरा छाननीचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारी कचेरी दाखवितात. भिवंडीचा क्रमांक ४२१३०२, भिवानीचा १२७०२१ आणि भिवाडीचा ३०१०१९. तिन्ही गावांचे पहिलेच अंक भिन्न असल्यामुळे जो घोटाळा निस्तरण्यास अनुभवी कारकुनाचे अनुमान लागत असे तो पहिल्या अंकाच्या वाचनानेच मिटतो. भाषा आणि लिपी ह्यांच्या भिन्नतेमुळे होणारे घोटाळे टाळणे हा ह्या योजनेचा उद्देशच होता.

ह्या क्रमांकांत जुना भूगोल टिकून राहिलेला दिसतो, हेही नमूद केले पाहिजे. ‘पुणे २’ किंवा ‘मुंबई २८’ असे लिहिण्याचा शहरी परिपाठ जुनाच होता. नव्या योजनेने तो मोडला नाही, तर ४११००२ व ४०००२८ ह्या रूपांत पोटात घेतला. भिवंडी ठाणे जिल्ह्यात, पण ठाणे शहराचा क्रमांक ४००६०१, म्हणजे मुंबईच्या गटातला. भिवंडीचा गट ४२१ आणि तिच्या लगेच आधीचा क्रमांक, ४२१३०१, कल्याणचा. पुढचा ४२१३०३ हा वाड्याचा. वाडा तालुका २०१४ साली नव्या पालघर जिल्ह्यात गेला, तरी क्रमांक बदलला नाही. महसुली सीमा आणि टपालाच्या सीमा ह्या वेगळ्या असून टपालाच्या सीमा रेल्वेमार्गाला धरून राहतात, असे ह्यावरून दिसते. जोडशब्दातील ‘कल्याण-भिवंडी’ येथे लागोपाठच्या दोन अंकांत उतरली आहे.

परंतु ह्याच उदाहरणातून योजनेतील एक उणीवही दिसते. नावाची चूक बहुधा चूक म्हणून ओळखू येते. ‘भिवडी’ असे लिहिलेले पाहून वाचणारा थबकतो. अंकाची चूक तशी ओळखू येत नाही. भिवंडीच्या क्रमांकातील शेवटचा दोन चुकून एक झाला तर तयार होतो तो निरर्थक क्रमांक नव्हे, कल्याणचा खरा क्रमांक होय. तीन झाला तर वाड्याचा. पिन कोडमध्ये चूक उघडी पाडणारा पडताळा-अंक नाही. शिवाय देवनागरी अंकांची वळणे येथे घात करू शकतात. देवनागरी चार रोमी वळणाच्या आठासारखा आणि देवनागरी एक रोमी वळणाच्या नवासारखा दिसतो. भिवंडीचा क्रमांक देवनागरीत लिहिला आणि तो रोमी अंक समजून वाचला तर त्याचा आरंभ आठाने होतो, आणि आठ हा बिहार-झारखंडचा विभाग आहे. म्हणून पिन कोड आला तरी गावाचे नाव लिहिण्याची गरज संपली नाही. नाव आणि अंक हे एकमेकांचे साक्षीदार आहेत. एकाची साक्ष दुसऱ्यावरून पडताळावयाची असते.

४

अंक डोळ्यांनी वाचावयाचा तर माणूस हवा, यंत्राने वाचावयाचा तर त्याला वळणांच्या वैविध्यातून सोडविले पाहिजे. ह्या गरजेतून दंडरेषांचा जन्म झाला. ह्या कल्पनेचे पहिले पेटंट ७ ऑक्टोबर १९५२ रोजी अमेरिकेत जोसेफ वुडलँड व बर्नार्ड सिल्व्हर ह्यांस मिळाले. समुद्रकिनारी वाळूत मोर्सच्या तारसंकेतातील ठिपके व रेघा बोटांनी खाली ओढताना वुडलँड ह्यांना ती सुचली, असे सांगतात. तार आणि टपाल ही दोन खाती आपल्याकडे दीर्घकाळ एकत्र नांदली. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिच्या संकेतलिपीतून स्फुरलेल्या दंडरेषा टपालाच्या पाकिटावर मात्र राहिल्या.

टपालातील दंडरेषांचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतील भेद ध्यानात न घेतल्यास पुढचे विवेचन समजणार नाही. पहिल्यास स्थलवाचक आणि दुसऱ्यास वस्तुवाचक म्हणू. स्थलवाचक दंडरेषा पाकीट कोठे जावयाचे ते सांगतात. वस्तुवाचक दंडरेषा ते पाकीट कोणते एवढेच सांगतात.

स्थलवाचक प्रकाराचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेतील पोस्टनेट ही पद्धती. तीत प्रत्येक अंकासाठी पाच रेघा; त्यांपैकी दोन उंच व तीन बुटक्या. पाचांतून दोन निवडण्याचे प्रकार बरोबर दहाच होतात, म्हणून दहा अंकांची सोय लागते. एखादी उंच रेघ पुसट छापली गेली तर त्या गटात उंच रेघ एकच उरते आणि यंत्रास दोष तत्काळ कळतो. शिवाय सर्व अंकांची बेरीज दहाच्या पटीत यावी असा एक पडताळा-अंक शेवटी जोडलेला असे. २०१३ पासून घाऊक टपालाच्या सवलतीसाठी ही पद्धती ग्राह्य राहिली नाही; तिच्या जागी पासष्ट रेघांची व चार प्रकारच्या उंचीची नवी पद्धती आली. तीत स्थळ आणि वस्तू ह्या दोहोंचा निर्देश, एकूण एकतीस अंकांपर्यंत, एकाच पट्टीत होतो.

भारतात सामान्य ग्राहकाच्या दृष्टीस पडणाऱ्या टपाल-दंडरेषा मुख्यतः वस्तुवाचक आहेत. १ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झालेल्या स्पीड पोस्टाच्या पाकिटावर जो तेरा चिन्हांचा क्रमांक असतो तो जागतिक टपाल संघाच्या मानकानुसार रचलेला आहे : आरंभी दोन रोमी अक्षरे, मग आठ अंकांचा अनुक्रम, एक पडताळा-अंक आणि अखेरीस देशाची दोन अक्षरे, भारतासाठी ‘आय-एन’. १ सप्टेंबर २०२५ पासून नोंदणी टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले.

पडताळा-अंक काढण्याची रीत पाहण्याजोगी आहे. आठ अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ह्यांनी गुणून बेरीज करावयाची. तिला ११ ने भागून येणारी बाकी ११ मधून वजा करावयाची. उत्तर १० आले तर ० आणि ११ आले तर ५ घ्यावयाचे. उदाहरणार्थ, अनुक्रम १२३४५६७८ असा असल्यास गुणाकारांची बेरीज २०४ येते. ११ ने भागता बाकी ६. म्हणून पडताळा-अंक ५. कारकुनाने शेवटच्या दोन अंकांची अदलाबदल करून १२३४५६८७ असे लिहिले तर बेरीज २०६, बाकी ८ आणि पडताळा-अंक ३ येतो; छापलेल्या ५ शी तो जुळत नाही आणि चूक उघडकीस येते. पिन कोडमध्ये जे संरक्षण नाही ते ह्या क्रमांकात आहे.

तथापि ह्या क्रमांकातून पाकीट कोठे जावयाचे हे मुळीच कळत नाही. ती माहिती संगणकातील नोंदीत असते आणि नोंद भरली जाते ती पाकिटावरील पिन कोड पाहून, किंवा पाठविणाऱ्याने दिलेल्या यादीवरून. निर्दोष दंडरेषा सदोष पत्त्याशी जोडली गेली तर पाकीट अत्यंत विश्वसनीय रीतीने चुकीच्या गावी जाईल. इतिहासाच्या विद्यार्थ्यांस हा भेद परिचित आहे. कागदाचे बाह्य परीक्षण करून तो अस्सल ठरला, म्हणजे त्यातील मजकूर खरा ठरतो असे नव्हे. पडताळा-अंक हे बाह्य परीक्षण आहे. पत्त्याचे अंतःपरीक्षण कोणीतरी वेगळे करावेच लागते.

५

हे अंतःपरीक्षण आज ज्याच्याकडे आले आहे तो म्हणजे टपाल तयार करणारा. घाऊक टपालाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. व्ही. पी. ची पद्धती १८७७ साली सुरू झाली आणि सूचिपत्रे पाठवून दूरच्या ग्राहकास माल विकण्याचा मार्ग तिने मोकळा केला. वर्गणीदारांची नावे छापलेल्या पट्ट्या चिकटवून वृत्तपत्रे व मासिके पाठविण्याची तजवीज मराठी नियतकालिकांच्या कचेऱ्यांना नित्याची होती. नंतरच्या काळात देयके, कंपन्यांचे अहवाल व जाहिरातपत्रे ह्यांची भर पडली. १९९३ साली मुंबईत आणि १९९६ साली चेन्नईत स्वयंचलित छाननी केंद्रे उभी राहिली, तेव्हा एकसारखे छापलेले हे घाऊक टपालच यंत्राला मानवणारे होते. हस्तलिखित आंतर्देशीय पत्राचे तसे नव्हते. २०११ पासून कंपन्यांना भागधारकांकडे अहवाल संगणकीय टपालाने धाडण्याची मुभा मिळाली आणि कागदी घाऊक टपालाचा तो एक प्रवाह आटू लागला. त्याच सुमारास घरपोच विक्रीच्या पार्सलांचा ओघ वाढला, आणि येथे भिवंडी पुन्हा आपल्या विषयात येते.

मुंबई महापालिकेची जकात चुकवून शहराच्या दाराशी माल साठविण्यासाठी भिवंडी तालुक्यातील ग्रामपंचायतींची गावे व्यापाऱ्यांना सोयीची होती. पूर्णा, काल्हेर, कशेळी, दापोडे, वळ, राहनाळ, माणकोली ह्या गावांतून गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली. परंतु गोदामे गेली नाहीत, उलट मोठी झाली. दिवा–वसई मार्गावरील ‘भिवंडी रोड’ स्थानकातून २०२० पासून पार्सलगाड्या सुटू लागल्या. १८५४ साली रेल्वेच्या बाजूस राहिलेले गाव अशा रीतीने पाठवणीचे मोठे ठाणे झाले.

पाठवणी विश्वसनीय व्हावी म्हणून छपाईत ज्या गोष्टी सांभाळाव्या लागतात त्या वरवर क्षुल्लक दिसतात. दंडरेषांच्या दोन्ही अंगांस कोरी जागा हवी. प्रचलित पद्धतीत ती सर्वांत बारीक रेघेच्या निदान दहापट असावी लागते, कारण पट्टी कोठे सुरू झाली हे यंत्र त्या कोरेपणावरूनच ओळखते. शाई शोषणाऱ्या कागदावर रेघा फुगतात व मधल्या फटी अरुंद होतात, आणि ह्या पद्धतीत फटीलाही रेघेइतकाच अर्थ असल्यामुळे वाचन बिघडते. वाचनयंत्राचा प्रकाश पुष्कळदा तांबडा असतो; त्या प्रकाशात तांबडी शाई पांढऱ्या कागदासारखीच दिसते, म्हणून शोभेखातर तांबड्या रंगात छापलेली पट्टी डोळ्यांस ठळक व यंत्रास अदृश्य होते. पट्टीवर चकचकीत चिकटपट्टी लावली, किंवा ती खोक्याच्या कडेवर वळविली, तरी परिणाम तोच. उष्णतेने काळा पडणारा कागद वापरला असेल तर उन्हात व पत्र्याच्या छपराखाली तो काळवंडण्याची किंवा पुसट होण्याची भीती असते. अशा ठिकाणी शाईच्या फितीने केलेली छपाई अधिक टिकते.

रेघांची दिशाही महत्त्वाची आहे. छपाईयंत्राच्या तप्त शिरातील एखादा बिंदू निकामी झाला तर कागद सरकण्याच्या दिशेने एक पांढरी रेघ सर्वत्र उमटते. दंडरेषा त्याच दिशेने छापल्या असतील तर त्यांपैकी एखादी संपूर्ण लांबीत नाहीशी होऊ शकते. आडव्या, शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे छापल्या असतील तर प्रत्येक रेघेस एक लहानशी खंड पडते आणि यंत्र उरलेल्या भागावरून वाचू शकते. दंडरेषांखाली तोच क्रमांक माणसाने वाचावयाच्या अंकांतही छापतात, तो ह्याच जातीच्या अपघातांसाठी.

परंतु सर्वांत घातक दोष छपाईत नसून यादीत असतो. नावे, पत्ते व क्रमांक ह्यांचे स्तंभ जुळविताना एक ओळ सरकली तर त्यापुढील प्रत्येक पाकिटावर एकाचे नाव आणि दुसऱ्याचा पिन कोड येतो. प्रत्येक दंडरेषा स्वच्छ, प्रत्येक पडताळा-अंक बरोबर, आणि तरीही सर्व पत्ते चुकलेले. म्हणून जाणता छापणारा सुरुवातीची, मधली व शेवटची पाकिटे काढून त्यांवरील नाव, गाव व अंक मूळ यादीशी ताडून पाहतो. धावत्या गाडीतील कारकून जे काम भूगोल जाणून करीत असे, त्याचा काही अंश आता हा मनुष्य यादी जाणून करतो. जबाबदारी नाहीशी झालेली नाही. तिची जागा बदलली आहे.

६

ही जागा बदलल्याने कोणाचा लाभ झाला आणि कोणाचा नाही, हा ह्या अभ्यासातील मुख्य प्रश्न आहे. यादी, छपाईयंत्र आणि घाऊक सवलत ज्याच्यापाशी आहे त्याचे टपाल पूर्वीपेक्षा निश्चितच अधिक भरवशाने पोचते. परंतु भिवंडीतील यंत्रमाग-कामगाराच्या नावे त्याच्या गावाहून येणाऱ्या पत्राची स्थिती वेगळी आहे. त्यावर सेठचे नाव, कारखान्याच्या कंपाउंडचे नाव, जवळच्या मशिदीची किंवा देवळाची खूण आणि ‘मारफत’ म्हणून एखाद्या दुकानदाराचे नाव, असा पत्ता असतो. एकाच नावाची कंपाउंडे एकाहून अधिक. गाळ्यांचे क्रमांक मालकाने दिलेले. कामगार वर्षात दोनदा खोली बदलणारा. सहा अंक हे पत्र भिवंडीच्या टपालकचेरीपर्यंत आणतात. देशात सुमारे १,६५,००० टपालकचेऱ्या आणि १९,००० हून अधिक पिन कोड आहेत; म्हणजे सरासरीने एका क्रमांकामागे आठ-नऊ कचेऱ्या येतात. क्रमांकाची सूक्ष्मता तेथेच संपते. त्यापुढील वाट पोस्टमनच्या ओळखीची आहे.

बँकेचे पत्र, आधारचे कार्ड, न्यायालयाची नोटीस ह्यांसारखी महत्त्वाची कागदपत्रे जेव्हा ह्याच वाटेने येतात, तेव्हा ‘पत्ता अपुरा’ असा शेरा मारून परत गेलेले पाकीट ही केवळ टपालाची गैरसोय राहत नाही. दंडरेषेच्या नोंदीत ते पाकीट सुस्थितीत असते : कोठून निघाले, केव्हा पोचले, केव्हा परतले, सर्व ठाऊक. ज्याच्यासाठी ते होते तो मनुष्य मात्र त्या नोंदीत नसतो. नावाच्या पत्त्याच्या काळात पत्रे हरवत होती हे खरे; परंतु तेव्हा मनुष्य सापडत नसेल तर तो विचारपूस करून शोधावयाचा, हे त्या पद्धतीत गृहीत होते. अंकाच्या पद्धतीत हे गृहीत क्षीण होत जाते, कारण सर्व माहिती पाठविणाऱ्यानेच पुरविली पाहिजे असा तिचा आधार आहे.

ह्या उणिवेवर टपालखात्याने २७ मे २०२५ रोजी डिजिपिन ही नवी योजना पुढे आणली आहे. तीत अक्षांश-रेखांशांवरून दहा चिन्हांचा संकेत तयार होतो आणि तो सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनाचा निर्देश करतो. ज्या घरास क्रमांक नाही, ज्या गल्लीस नाव नाही, त्यासही ह्या योजनेत पत्ता मिळतो, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु एकावर एक माळे असलेल्या चाळीत एकाच चौकोनात अनेक खोल्या येतील, आणि खोली बदलणाऱ्या माणसाबरोबर चौकोन बदलणार नाही. डिजिपिन स्थळाचा पत्ता आहे. माणसाचा पत्ता त्यावरून निघेलच असे नाही. जासुदाच्या काळी मायन्यात माणूस होता व स्थळ नव्हते. आता स्थळ चार मीटरपर्यंत सूक्ष्म झाले आहे आणि माणूस त्यात शोधावा लागतो.

७

शेवटी इतिहासाच्या साधनांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य वाटते. जुन्या पाकिटावर निघालेल्या व पोचलेल्या कचेऱ्यांचे तारखांचे ठसे, वाटेतील छाननीच्या खुणा, ‘पत्ता बदलला’ असे हाताने लिहिलेले शेरे आढळतात. एका पाकिटावरून मार्ग, वेग, लिपी आणि क्वचित एखाद्या कुटुंबाचे स्थलांतरही सिद्ध करता येते. दंडरेषांच्या पाकिटावर ह्यांपैकी फारच थोडे उरते. प्रवासाची नोंद पाकिटापासून विलग होऊन संगणकात जाते आणि तेथे ती सर्वांच्या पाहणीस मर्यादित काळच खुली असते. त्या नोंदीशिवाय तेरा चिन्हांचा क्रमांक पुढील संशोधकाला काहीच सांगणार नाही. कारण तो, वर पाहिल्याप्रमाणे, वस्तूचे नाव आहे, तिच्या प्रवासाची हकीकत नव्हे.

भिवंडीसारख्या गावाच्या स्थलांतराचा, व्यापाराचा व बहुभाषिकतेचा इतिहास लिहावयाचा असेल तर कामगारवस्त्यांतून जपून ठेवलेली जुनी पत्रे व पाकिटे, यंत्रमाग-व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवरील जावक-नोंदींची पुस्तके आणि जुन्या पोस्टमनांच्या तोंडी आठवणी ह्यांचा संग्रह वेळीच झाला पाहिजे. कोणत्या कंपाउंडात कोणत्या जिल्ह्याचे लोक राहत, कोणती पत्रे उर्दूत येत व ती कोण वाचून दाखवी, एका नावाच्या तिघांतून खरा मनुष्य कसा ओळखला जाई, हे ज्ञान कोणत्याही सहा किंवा दहा चिन्हांत साठविलेले नाही. ते ज्यांच्यापाशी आहे ते एकेक करून निवृत्त होत आहेत. विभागातील विद्यार्थ्यांनी हे काम हाती घेतले तर टपालाच्या इतिहासात आजवर उपेक्षित राहिलेल्या पत्त्याला त्याचे स्थान मिळेल.